माणूसही बसतो, सामानही बसतं

आमच्या सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात एखादा ऑर्केस्ट्रा संपला की पडद्यामागे थोडा वेळ थांबून बघा. गाणारे शाल पांघरून निघून गेलेले असतात. बासरीवाल्याची पिशवी खांद्याला लागलेली असते. ड्रमवाला मात्र अजून वाकून स्क्रू सोडवत असतो. झांजांचे स्टँड, पायाचं पेडल, नळ्या, फेल्टच्या चकत्या, वायसर, चावी, वायरी, चिकटपट्टी. हे सगळं तो एका काळ्या पेटीत भरतो, झाकण लावतो आणि दमून त्याच पेटीवर बसतो. गेली बरीच वर्षं मी हौशी ड्रमवादक म्हणून असाच बसत आलो आहे. बसायची जागा आणि सामानाची जागा एकच असावी ही कल्पना कुठून आली, हा प्रश्न मला खरा पडला तो मी स्वतःसाठी तशी पेटी करून घ्यायला गेलो तेव्हा.

मिस्त्रींना म्हणालो, "यात सामान बसलं पाहिजे आणि यावर मीपण बसलो पाहिजे."

त्यांनी पेन्सिल कानामागे ठेवली. "सर, आधी एक सांगा. हे स्टूल हाय का पेटी हाय? दोन्हीचं माप येगळं असतंय."

"दोन्ही."

"मग एकाला नमतं घ्यायला लागंल."

या लहानशा वस्तूचा सगळा इतिहास मिस्त्रींच्या या दोन वाक्यांत आहे. मराठीत माणूसही बसतो आणि सामानही बसतं. क्रियापद एकच असलं तरी मापं दोन आहेत. माणसाचं माप त्याच्या गुडघ्यावरून ठरतं, सामानाचं माप सर्वांत लांब वस्तूवरून. या दोन मापांच्या ओढाताणीतून ही पेटी घडली, मोडली आणि पुन्हा घडली.

पण त्याआधीचा प्रश्न असा की वादकाला बसायला वेगळं आसन लागतंच कशाला? याचं उत्तर हातात सापडत नाही, पायात सापडतं. वादकाचे पाय काय करत आहेत ते बघायचं.

जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. त्यांच्या पुढे हलगी वाजते, बँड वाजतात. हे वादक चालत असतात. पाय चालण्यात गुंतलेले, वाद्य गळ्यात किंवा खांद्याला. वारीतला पखवाजवाला तसाच, तुळजापूरकडचा संबळवाला गोंधळीही तसाच. या मंडळींचं सामान म्हणजे एक टिपरू, एखादी जादा दोरी, हलगी शेकायला थोडा जाळ. त्यांना आसनही लागत नाही आणि पेटीही लागत नाही.

दुसरा वादक मांडी घालून बसतो. तबलजीचं आसन म्हणजे सतरंजी. तिच्या वर तबला, डग्गा, चुंबळी, हातोडी आणि पावडरचा डबा. कार्यक्रम संपला की वाद्यं गवसणीत आणि बाकीचं गवसणीच्या खिशात. पाय मांडीत मुडपलेले असल्यामुळे ते रिकामे आहेत, आणि जमिनीपेक्षा स्थिर आसन दुसरं नाही.

इथे हार्मोनियमची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या विषयाला आरशासारखी उलटी आहे. अलेक्झांडर दबँ या फ्रेंच कारागिराने १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा ते टेबलाएवढं वाद्य होतं. भाता पायाने चालवायचा, म्हणून वादकाला उंच स्टूल हवं. पुढे १८७५ च्या सुमारास कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची हार्मोनियम तयार केली. आपला वादक जमिनीवर बसतो, त्याचे पाय भात्यापर्यंत पोचणार नाहीत, मग भाताच हाताशी आणायचा, असा सरळ विचार. पायाचं काम काढून टाकल्याबरोबर स्टूलही गेलं आणि वाद्य एका पेटीत मावलं. पुढची सफरी पेटी तर स्वतःच स्वतःचं खोकं झाली. कळपट्टी खाली सरकते, वरून झाकण पडतं आणि कीर्तनकाराचा साथीदार ती हातात धरून एसटीत चढतो.

म्हणूनच आपण त्या वाद्याला "पेटी" म्हणतो. "आज पेटीवर कोण बसलंय?" हा प्रश्न सोलापुरात मी शेकडो वेळा ऐकला आहे आणि त्यात प्रत्यक्षात पेटीवर कुणीच बसलेलं नसतं. पाय भात्यावर ठेवणारे लोकही आपल्याकडे होतेच. संगीत नाटकाच्या साथीला पायाचा ऑर्गन असे आणि तो वाजवणारा स्टुलावर बसत असे. तो अपवाद वगळला तर आपल्या वादकाला शतकानुशतकं आसनाची वेगळी वस्तू लागली नाही.

अमेरिकेत मात्र उलटं घडलं. तिथे पायाला काम लागलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथल्या बँडमध्ये मोठा ढोल एक जण वाजवी, छोटा ताशासारखा ड्रम दुसरा आणि झांजा तिसरा. रस्त्यावर मिरवणूक असेल तर तिघेही चालत. पण नाटकगृहात रंगमंचासमोर वादक बसतात त्या अरुंद खड्ड्यात तिघांना जागा कुठली आणि तिघांचा पगार तरी कोण देणार? मग एकच माणूस मोठा ढोल आणि छोटा ड्रम शेजारी मांडून दोन काठ्यांनी दोन्ही वाजवू लागला. छोट्या ड्रमवर ठोका देऊन हात मोठ्या ढोलाकडे न्यायचा आणि परत आणायचा. हे उभं राहून जमतं, पण लय वाढली की हात पोचत नाही. शिकागोत नाटकगृहात वाजवणाऱ्या विल्यम लुडविगला हीच अडचण आली. त्याने पायाने चालणारं, झपाट्याने परत येणारं पेडल बनवलं आणि १९०९ साली भावाबरोबर त्याचा धंदा सुरू केला. पेडल त्याच्या आधीही काही जणांनी केली होती, पण जलद वाजवता येईल असं आणि बाजारात चाललेलं पेडल ते हेच.

आता विचार करा. उजवा पाय पेडलवर आहे. एका पायावर उभं राहून दोन तास वाजवता येत नाही, म्हणून वादक बसला. १९२० च्या दशकात डाव्या पायालाही काम मिळालं. आधी घोट्याएवढ्या उंचीवर दोन झांजा एकमेकींवर आपटणारं यंत्र आलं, मग त्याची दांडी उंच झाली आणि आजची हाय-हॅट तयार झाली. दोन्ही पाय अधांतरी म्हटल्यावर शरीराचा सगळा भार बैठकीवर आला. ड्रमवाल्याचं स्टूल आरामासाठी आलं असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. ते वाद्याचाच भाग म्हणून आलं. ते हललं की ताल हलतो.

त्याच काळात सामानाचा पसारा वाढला. मूकपटांच्या पडद्यासमोर वाजवणाऱ्या ड्रमवाल्याला घोड्याच्या टापा, आगगाडीची शिट्टी, पक्ष्याची किलबिल, बंदुकीचा बार असं सगळं करावं लागे. त्यासाठी लाकडी ठोकळे, गायीच्या गळ्यातल्यासारख्या घंटा, शिट्ट्या, भोंगे असं कितीतरी लागे. या किरकोळ सामानाला "ट्रॅप्स" म्हणत. "काँट्रॅप्शन", म्हणजे जुगाड केलेलं यंत्र, या शब्दावरून तो आला असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याच्यासाठीच्या पेटीला "ट्रॅप केस" हे नाव पडलं आणि ते आजही चालतं. आमच्याकडे जुने ड्रमवाले अजून "ट्राप" म्हणतात. हा शब्द शिकागो, न्यू ऑर्लिन्सकडून मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमार्फत सोलापूरच्या लग्नाच्या मांडवापर्यंत पोचला असणार असं मला वाटतं.

एका बाजूला बसायची गरज, दुसऱ्या बाजूला भरायची गरज. सामान बाहेर काढून झाल्यावर पेटी रिकामीच पडलेली असते आणि बसायला काहीच नसतं. हात आपोआप पेटीकडे जातो. फिरत्या कलाकारांत हे सगळीकडेच होतं. आपल्या तमाशाच्या कनातीत पत्र्याच्या ट्रंकेवर बसून चेहरा रंगवणारी, त्याच ट्रंकेवर जेवणारी आणि तिच्यावरच डोकं टेकून निजणारी माणसं मी अकलूज, मोडनिंबच्या बाजूला पाहिली आहेत. जो रोज गाव बदलतो त्याला एकाच कामाची वस्तू वाहून नेणं परवडत नाही.

हा जुगाड कंपन्यांनी हेरला. विसाव्या शतकाच्या मध्याला, १९५० आणि ६० च्या दशकांत, लुडविग, ग्रेच यांच्यासारख्या अमेरिकन ड्रम कंपन्या डब्याच्या आकाराचं आसन विकू लागल्या. उभा गोल डबा आणि वर गादीचं झाकण. डब्यावर ड्रमच्याच रंगाचं चकचकीत आवरण. गादी उचलायची, आत स्टँड उभे सोडायचे, गादी परत बसवायची. त्याला "कॅनिस्टर थ्रोन" म्हणत, म्हणजे सरळ मराठीत डब्याचं सिंहासन. जुन्या फोटोंमध्ये वादकाच्या खाली स्टुलाचे पाय न दिसता चमकणारा पिंप दिसला तर तो हाच.

हे जमलं, कारण त्या काळचे स्टँड हलके होते. त्यांचे पाय सपाट मिटत आणि नळ्या बारीक होत्या. डब्यात चार-पाच सहज उभे राहत. पुढे रॉकचा आवाज वाढला, ठोके जड झाले, झांजा मोठ्या झाल्या. १९७० नंतर स्टँडच्या पायांना दुहेरी पट्ट्या आल्या, नळ्या जाड झाल्या. ते डब्यात मावेनात. त्यात डब्याची उंची ठरलेली असे. उंच माणूस असो की बुटका, बैठक तेवढीच. तीन पायांचं, स्क्रू फिरवून वरखाली होणारं स्टूल आल्यावर कंबर सांभाळणाऱ्या वादकाने तेच घेतलं. सामानासाठी चाकांची लांब पेटी वेगळी झाली. मिस्त्रींचंच वाक्य खरं ठरलं. दोघांपैकी कुणी नमतं घेईना, म्हणून घर वेगळं झालं.

पियानोच्या बाकाचं झाकण उघडून आत स्वरलिपीचे कागद ठेवायची पद्धत युरोप-अमेरिकेत घरोघर आहे. ती टिकली, कारण कागद कुठल्याही मापात बसतात. आपल्याकडे तिची गरजच पडली नाही. आपलं गाणं कागदावर नसतं.

आता दक्षिण अमेरिकेकडे जाऊ. बसायची पेटी म्हटलं की आजच्या तरुण वादकाला पहिल्यांदा "काहोन" आठवतं. सोलापुरातही कॉलेजच्या पोरांच्या हातात ते दिसू लागलं आहे. एक लाकडी खोकं, त्यावर बसायचं, पुढच्या पातळ फळीवर हातांनी वाजवायचं. स्पॅनिशमध्ये "काहोन" म्हणजे खोकं किंवा टेबलाचा खण. पेरू देशाच्या किनारपट्टीवर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी ते घडवलं. त्यांच्या ढोलांवर मालक लोक आणि चर्च यांचा डोळा असे, बंधनं येत. मग बंदरात मालाची खोकी होती, घरात खण होते, त्यांवर ठेका धरला गेला. बसलेला माणूस खोक्यावर बसलेलाच दिसतो. ढोल कुठे आहे? पेरूतली गुलामगिरी १८५४ साली कायद्याने संपली, तोवर हे खोकं त्यांच्या संगीतात मुरलं होतं. क्युबातही असंच घडलं. तिथे खारवलेल्या कॉड माशांची मोठी खोकी आणि मेणबत्त्यांची छोटी खोकी रुंबा नाचाच्या साथीला वाजत.

पेरूमध्ये आणखी एक छोटी पेटी आहे, "काहिता". चर्चमध्ये वर्गणी गोळा करायची झाकणाची पेटी असे, तिच्यावरून ती आली. गळ्यात अडकवायची, एका हाताने झाकण उघडझाप करायचं, दुसऱ्या हाताने काठी मारायची. दानपेटीचं वाद्य झालं हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. ज्यांच्याकडून सगळं काढून घेतलं होतं, त्यांनी हाताला लागेल त्या खोक्यातून आपला ताल परत मिळवला.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पेनचा गिटारवादक पाको दे लुसिया पेरूत गेला होता. तिथे त्याने काइत्रो सोतो या वादकाकडून काहोन ऐकलं आणि ते आपल्याबरोबर नेलं. त्याच्या साथीला असलेल्या रुबेम दांतास या ब्राझिलियन वादकाने ते स्पेनच्या फ्लामेंको संगीतात रुजवलं. पुढे आत तारा बसवल्या, म्हणजे फटका मारला की स्नेअर ड्रमसारखी, म्हणजे त्या ताशासारख्या छोट्या ड्रमसारखी, चर्र उमटते. तिथून ते जगभर गेलं. २००१ साली पेरूने त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

काहोन आणि डब्याचं सिंहासन दिसायला भावंडं आहेत. दोन्हींवर माणूस बसतो, दोन्ही पोकळ आहेत. पण पोकळीचं काम अगदी उलट आहे. काहोनच्या आतली हवा हेच त्याचं पोट. पुढच्या फळीवर थाप पडली की आतली हवा दबते, मागच्या भोकातून बाहेर ढकलली जाते आणि घुमारा येतो. आत काही ठेवलं की हवा कमी, घुमारा कमी. एकदा एका मुलाने प्रवासात सोय म्हणून काहोनच्या भोकातून वायरी आणि टॉवेल आत कोंबले होते आणि ते काढायचं विसरून वाजवायला बसला. आवाज असा आला की गव्हाच्या पोत्यावर थापा मारतोय. वाजणारी पेटी रिकामी हवी आणि सामानाची पेटी भरलेली हवी. म्हणून बसायला, भरायला आणि वाजवायला अशी तिन्ही कामं एका पेटीकडून होत नाहीत. दुकानदार तसं सांगत असेल तर वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपल्याकडे या सगळ्यात एक अडचण आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. वाद्य म्हणजे सरस्वती. तबल्याला चुकून पाय लागला तर आपण हात कपाळाला लावतो. माझ्या ओळखीतल्या एका ज्येष्ठ तबलजींना काहोनवर बसलेला मुलगा पाहवत नसे. मी त्यांना पेरूची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "अरे, ज्यांना दुसरी जागाच ठेवली नव्हती, त्यांनी बसून वाजवलं. त्यांचा नमस्कार तसाच असणार." तेव्हापासून त्या मुलाकडे ते वेगळ्या नजरेने बघायला लागले, आणि तो मुलगाही आता बसण्याआधी फळीला हात लावून घेतो.

परत मिस्त्रींकडे येतो. त्यांनी मला विटांवर बसवलं. वीट वाढवत, चादरीची घडी घालत माप काढलं. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी, म्हणजे कंबर वाकत नाही आणि पाय पेडलवर मोकळा राहतो. माझं माप १९ इंच आलं. म्हणजे पेटी १८ इंच आणि वरची गादी दाबली गेल्यावर एक इंच. पण माझा सर्वांत लांब स्टँड मिटल्यावर २४ इंच. तो १८ इंचांत उभा राहणार कसा? मी म्हणालो, तिरका ठेवू. मिस्त्रींनी कागदावर आकृती काढली. आतून १४ बाय १४ आणि उंची १७ धरली तर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात २६ इंचांची जागा मिळते. एक स्टँड बसेल खरा. पण तो एकटाच बसेल, कारण बाकी सगळी जागा त्याने कापून टाकलेली असेल.

तेव्हा पेटी आडवी करायचं ठरलं. लांबी ३० इंच, रुंदी १४, उंची १८. मी एका टोकाला बसतो, उरलेली पेटी माझ्या मागे जाते. वजन झाकणावर न येता भिंतींवर उतरावं म्हणून मी बसतो त्याच्या खाली आत एक आडवी फळी उभी केली, त्यामुळे किरकोळ सामानाचा कप्पाही आपोआप झाला. झाकण १८ मिलिमीटर प्लायचं, बाकी १२ चं. चाकं चार लावली असती तर मी ठोक्यागणिक मागे सरकलो असतो, म्हणून मागच्या एका कडेला दोनच, तीही अशी की पेटी कलती केली तरच जमिनीला लागतात. बिजागरी बाहेर येऊ दिली नाही, पँट फाटते.

वजनाच्या बाबतीत मात्र नमतं घ्यावं लागलं. रिकामी पेटीच तेरा किलोच्या आसपास आहे. भरली की एकट्याने जिना चढवणं माझ्या वयाला जमत नाही.

शेवटचा दोष वाजवल्याशिवाय कळला नाही. पेडल मारलं की आतले वायसर, नळ्या, चाव्या खणखणू लागतात आणि शेजारचा माईक ते पकडतो. स्पंज लावून पाहिला, उन्हाळ्यात इथे पारा चाळीसच्या वर गेल्यावर त्याचा गोंदच वितळला. मग घरातली जुनी सोलापुरी चादर कापली, एक थर तळाला, एक झाकणाखाली आणि उरलेल्या तुकड्यांत प्रत्येक स्टँड वेगळा गुंडाळला. खणखण थांबली. जाड सुताची वीण आवाज पिते, आणि मळली तर धुता येते.

एक गोष्ट कुठल्याच मापाने सुटत नाही. कार्यक्रम चालू असताना त्या पेटीतली वस्तू काढता येत नाही, कारण तुम्ही तिच्यावर बसलेले असता. डब्याच्या सिंहासनावर बसणाऱ्यांनाही हीच अडचण आली असणार. माझी एकदा ऐन गाण्यात काठी मोडली आणि जादा काठ्या माझ्याच खाली होत्या. अर्धं कडवं मी एका हाताने वाजवलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे जाऊन पेटीच्या बाहेरच्या बाजूला कातडी खिसा ठोकून घेतला. काठ्या, चावी आणि एक जादा फेल्ट आता तिथे असतात.